ऐकणारं कातडं

डफ हातात घेतला की आधी तो शेकावा लागतो. चार गोवऱ्या पेटवायच्या, जाळ बसून नुसती धग उरली की तिच्यावर डफ फिरवत राहायचा आणि मधूनमधून टिचकी मारून बघायची. सुरुवातीला आवाज येतो तो भिजल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा, भद्द. मग कातडं आतलं पाणी सोडू लागतं, ताणलं जातं, आणि एका टिचकीला डफ खणखणतो. तिथे हात मागे घ्यायचा. आणखी लोभ केला तर कातडं कडेने उलतं. बघणाऱ्याला वाटतं ही नुसती तयारी चाललीय, वाजवणं अजून सुरू व्हायचंय. मला वाटतं, निम्मं वाजवणं इथेच झालेलं असतं. आपल्याकडे चर्मवाद्यांचा विषय निघाला की सगळे त्यांच्या आवाजावर बोलतात, कुणाचा ढोल किती कोसांवर ऐकू जातो त्याच्या पैजा लावतात. हे वाद्य हाताळणाऱ्याचा अनुभव उलटा आहे. ढोल, डफ, मृदंग यांचं पहिलं काम ऐकण्याचं. हवा, गाणारा आणि नाचणारा या तिघांचं ऐकल्यावर त्यांना बोलता येतं, आणि समाजात त्यांना जी जागा मिळाली ती या गुणामुळे, नुसत्या दणदणाटामुळे नव्हे.

हवेपासून सुरू करू, कारण खान्देशात तिच्याशी गाठ पडतेच. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा भरउन्हात राहिलेली पुडी इतकी चढते की सैल करून ठेवावी लागते. आणि श्रावणाची झड लागली की तेच कातडं ओल्या फडक्यासारखं लोंबतं. या दोन टोकांच्या मध्ये आपले सण बसलेत. फाल्गुनात हवा कोरडी असते, अंगणात होळी असते, आणि सातपुड्याच्या ढोलाचा खरा हंगाम तोच. होळीआधीच्या आठवड्यात चोपडा, यावल, शिरपूर पट्ट्यात भोंगऱ्या बाजार भरतात आणि पाड्यापाड्यातले ढोल बाजारात उतरतात. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या होळीला तर रात्रभर ढोल चालतात आणि होळी पेटते पहाटे. याउलट खान्देशची देवी कानबाई येते श्रावणात. नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते, सोमवारी डोक्यावरून नदीला जाते, आणि त्या मिरवणुकीत पावसाची सर हमखास. फाल्गुनातल्या ताकदीने श्रावणात डफ बडवणारा माणूस वाजवणारा नव्हे, मजूर. ऋतू बदलला की हात बदलावा लागतो, आणि तो कधी बदलायचा हे कातडं सांगतं.

गाणाऱ्याचं ऐकणं हा याहून बारीक कारभार. मुक्ताईनगरहून आषाढीला पंढरपूरकडे निघालेल्या पालखीतला मृदंग जवळून पाहा. डाव्या तोंडावर मळलेल्या कणकेचा गोळा थापलेला असतो. कणीक किती घट्ट, किती जाड, किती पसरलेली, यावर त्या बाजूचा खर्ज ठरतो. ती वाळू लागली की आवाज वर सरकतो; मग वादक पाण्याचं बोट फिरवतो, नाहीतर गोळाच नव्याने लावतो. वाजवून झालं की कणीक खरवडून काढायची. म्हणजे हे वाद्य रोज अर्धं मोडायचं आणि रोज पुन्हा पुरं करायचं. उजव्या तोंडाची शाई मात्र कायमची. लोखंडाचा कीस आणि खळ यांचा लगदा, थरावर थर, आणि प्रत्येक थर दगडाने घोटायचा. घोटताना शाईला बारीक चिरा पडतात. नवख्याला तो दोष वाटतो, पण त्या चिरांमुळेच कातडं मोकळं हलतं. एकसंध शाईचा धोंडा झाला असता. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कलकत्त्यात असताना १९२० साली याच शाईवर ‘नेचर’मध्ये सहकाऱ्यासह टिपण लिहिलं. साध्या गोल पडद्याचे कंप एकमेकांशी जुळत नाहीत. मूळ कंप एक धरला तर पुढचे १.५९, २.१४ असे आडवेतिडवे येतात, म्हणून साध्या पडद्यातून नुसता धप्प आवाज निघतो. मधोमध शाईचं वजन आलं की तेच कंप एक, दोन, तीन अशा पटीत बसतात, जसे तारेचे बसतात. तारेला षड्ज असतो. शाईने कातड्याला तो दिला. म्हणून गायक पट्टी सांगतो आणि वादक हातोडी घेऊन गजऱ्यावर, गठ्ठ्यांवर ठोकत वाद्य त्या पट्टीत आणतो. गायकाने कधी तबल्याच्या सोयीने गळा बदललाय असं होत नाही. या नमतेपणाला आपण ‘साथ’ म्हणतो, आणि तो शब्द मला फार नेमका वाटतो.

डफाला शाई नाही, ढोलाला पट्टी नाही, मग त्यांचं ऐकणं कुठलं, असं कुणी विचारेल. ते पायांचं ऐकतात. सातपुड्यात नाचणाऱ्यांचा फेर ढोलवाल्याभोवती फिरतो आणि फेरातल्या थकव्याचा अंदाज ढोलवाला घेत असतो. पावलं जड झाली की तो चाल उतरवतो, दम आला की चढवतो. एवढी रात्र नाचून निघते ती त्यामुळे. वहीगायन या खान्देशी लोकगायनातही डफवाला कडव्याच्या शेवटी गाणाऱ्याला श्वास घ्यायला जागा सोडतो. ती सोडलेली जागा कुठल्याही बोलात लिहिलेली नसते.

आता डीजे. त्याला चार शिव्या घालून लेख संपवणं सोपं आहे. मला ते करायचं नाही. अहिराणी गाणं आज सुरत-पुण्याच्या लग्नांपर्यंत पोचलं त्यात डीजेचा वाटा मोठा आहे, हे कबूल केलंच पाहिजे. त्याच्याकडे खर्जही आहे आणि टीपही, आणि कुठल्याही ढोलाहून जास्त. आवाजाच्या मर्यादेचा २०००चा नियम रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल सांगतो. त्या काट्यावर तोलायला गेलं तर आमचा ढोलही गुन्हेगारच ठरेल. तेव्हा भांडण मोठ्या आवाजाचं नाहीच. कानबाई डोक्यावर घेतलेली बाई चढावर धापा टाकू लागली तर डफवाला आपोआप मंद होतो. गाडीवरच्या स्पीकरच्या भिंतीला ती बाई दिसतच नाही. गाणं आधीच भरलेलं आहे आणि ते आपल्याच चालीने पुढे जाणार. कातड्याऐवजी लावायच्या प्लास्टिकच्या पानांबद्दल मात्र माझं मत मऊ आहे. १९५७च्या सुमारास अमेरिकेत ती बाजारात आली तीही कातड्याच्या दमटपणाला कंटाळूनच. भर पावसात ताशाला प्लास्टिक लावलं तर मी नाक मुरडणार नाही. हवेचं ऐकणं त्यात गेलं, पण माणसाचं ऐकणं हातात शिल्लक आहे.

खरा जड आक्षेप वेगळाच आहे. हे ऐकणं कुणी करायचं, हे गावाने जातीवरून ठरवलं होतं. मेलेल्या जनावराचं कातडं ज्यांनी सोलायचं, कमवायचं, त्यांनीच दवंडी द्यायची, मढ्यापुढे वाजवायचं, लग्नात वाजवून मांडवाबाहेर जेवायचं. त्याला कला म्हणणं ही वरच्या आळीची सोय होती. डॉ. आंबेडकरांनी महार वतनाविरुद्ध १९२८ साली विधिमंडळात विधेयक मांडलं, कनिष्ठ गाववतनं गेली ती १९५८च्या कायद्याने. या काळात ज्यांनी गावकीचं वाजवणं सोडलं त्यांनी योग्यच केलं. परंपरा बुडाली म्हणून हळहळणाऱ्यांनी तो डफ आधी स्वतःच्या गळ्यात अडकवून बघावा. पण माझा मुद्दा यामुळे पडत नाही, उलट पक्का होतो. वेठीच्या वाजवण्यात ऐकणं नव्हतंच, नुसता हुकूम होता. थांब म्हटलं की थांबायचं, वाजव म्हटलं की वाजवायचं. आणि ज्यांनी गावाचं वाजवणं टाकलं त्यांच्यातूनच आंबेडकरी जलसे उभे राहिले. ढोलकी तीच, पण आता ती समोर बसलेल्या आपल्या माणसांचं ऐकून वाजत होती. दोष कातड्यात असता तर ती पुन्हा कुणी हातात धरलीच नसती.

म्हणून एक साधं मागणं. येत्या श्रावणात कानबाईला डफवाले बोलावलेत, तर ते दारात आल्याआल्या ‘चला, करा सुरू’ म्हणून गलका करू नका. त्यांना आधी चहा द्या, ओसरीवर बसवा, आणि आडोशाला चार गोवऱ्या पेटवून ठेवा. डफ शेकायला पाऊण तास लागला तरी लागू द्या.