आईबरोबर पहिली समुद्रसफर

आईवडिलांना सहलीला न्यायचं, तर सगळं आपणच ठरवून तिकीट त्यांच्या हाती द्यायचं, अशी बहुतेक घरांतली रीत. पण गुडघे त्यांचे दुखतात, बोट त्यांना लागते. मग निवड एकट्या मुलीनं का करावी?

माझी आई 1970च्या सुमारास भाऊच्या धक्क्यावरून बोटीनं मालवणला जायची. डेकवर वळकटी पसरून झोपायचं, मग पडावातून किनाऱ्याला लागायचं. त्यामुळे मुंबई-गोवा क्रूझचा विषय निघाला, तेव्हा प्रश्न तिनंच विचारले. खोली कुठली? जहाजाच्या मध्यावरची, खालच्या मजल्यावरची. तिथं हेलकावे कमी जाणवतात. केव्हा? डिसेंबर-जानेवारीत, पावसाळ्यात खवळणारा अरबी समुद्र तेव्हा शांत असतो. किती दिवस? पहिल्या खेपेला दोन-तीन रात्री पुरेत. भाड्याशिवाय कर आणि बंदरशुल्क किती, हेही आधीच विचारून घेतलं.

बिनखिडकीची खोली बरीच स्वस्त होती. आई म्हणाली, "अगं, हवं तर एक रात्र कमी कर, पण खिडकी घे. समुद्र बघायलाच तर निघालोय ना!"

आईसाठी खर्च करणं सोपं असतं. तो तिच्या मनाप्रमाणे केला, तरच सफर दोघींची होते.