नेटवर्कवर नजर कोणाची?

नेटवर्क मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर निवडायचं म्हटलं की लोक सगळ्यात आधी तक्ता करतात. वर नावं, डावीकडे फीचर्स, मध्ये बरोबरच्या खुणा. गंमत अशी की तक्ता भरून झाला की सगळ्यांसमोर सगळ्याच खुणा असतात! मग ज्याचा सेल्समन गोड बोलतो ते घेतलं जातं.

असाच एक तक्ता मध्यंतरी माझ्याकडे आला. नागपूरला नंदनवनात माझ्या आतेभावाचं औषधांच्या होलसेलचं ऑफिस आहे. बिलिंगचा सर्व्हर तिथे, गोदाम उमरेड रोडला, छोट्या शाखा भंडारा आणि वर्ध्याला. गोदामात एक कोल्ड रूम आहे. इन्सुलिन आणि लसी २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात, आणि बाहेर नागपूरचा मे महिना. ४५ अंश म्हणजे तिथे बातमीसुद्धा होत नाही.

दादाचा प्रश्न दोन ओळींचा होता. "चारातलं कोणतं घेऊ ते सांग. अन् सॉफ्टवेअरच सगळं पाहून राहिलं, तर नेटवर्कचा पोरगा कशाला ठेवू?"

खरी मेख दुसऱ्या ओळीत होती, पण आधी पहिलीचं बघू. यादीत नागिओस, झॅबिक्स, पीआरटीजी आणि ऑपमॅनेजर. पहिली दोन मुक्त स्रोत. नागिओस १९९९ पासूनचं, तेव्हा त्याचं नाव नेटसेंट होतं. झॅबिक्स लॅटव्हियातलं, पीआरटीजी जर्मनीतलं आणि ऑपमॅनेजर आपल्या चेन्नईच्या झोहोचं. चौघांची भाषा मात्र एकच, १९८८ पासून चालत आलेली एसएनएमपी. दर मिनिटा-दोन मिनिटांनी स्विचला विचारायचं, "बाबा रे, आहेस का? या पोर्टवरून किती बाइट गेले?" उत्तर आलं की ग्राफ काढायचा, नाही आलं की बोंब मारायची. सगळे मुळात हेच करतात, म्हणून तक्त्यात सगळे सारखे दिसतात.

फरक आहे तो पैसे कशाचे मोजता यात. ऑपमॅनेजर उपकरणं मोजतं. पीआरटीजी सेन्सर मोजतं. एका स्विचचे २४ पोर्ट बघायचे तर २४ सेन्सर झाले, म्हणजे 'आमच्याकडे दहाच तर डबे आहेत' हा हिशोब तिथे चालत नाही. झॅबिक्स आणि नागिओस कोअरला लायसन्सचे पैसे नाहीत, पण लिनक्सवर बसून ते मांडणारा माणूस लागतो. थोडक्यात काय, पैसे कुठेतरी द्यावेच लागतात. कंपनीला द्या नाहीतर माणसाला.

एका रविवारी आम्ही जुन्या पीसीवर झॅबिक्स टाकलं आणि तक्ता बाजूला ठेवून गोदामाच्या मुख्य स्विचची केबल सरळ उपटली. पाच मिनिटांत १९ मेसेज! कॅमेरे गेले, प्रिंटर गेला, वायफाय गेलं. कोल्ड रूमच्या तापमानाचा सेन्सर गेला हा मेसेज होता चौदावा. रात्री दोन वाजता चौदावा मेसेज कोण वाचतं हो?

यावर उपाय चौघांकडेही आहे. त्याला डिपेन्डन्सी म्हणतात. कोण कोणाच्या मागे आहे हे आधी सांगून ठेवायचं, मग पुढचा स्विच मेला तर मागच्यांची बोंब दाबली जाते. पण हे सांगायचं कोणी? तो नेटवर्कचा पोरगा उठला, एका जुन्या बिलाच्या पाठीमागे दहा मिनिटांत अख्खा नकाशा काढला. कोणती वायर कुठून जाते, कोणता स्विच कोणाच्या यूपीएसवर आहे, सगळं. तो भरला, केबल पुन्हा उपटली. एकच मेसेज आला. दादा खूश.

पोरगा खूश नव्हता. म्हणाला, "सर, कोल्ड रूमचा मेसेज दाबला गेला. तापमान कळून नाही राहिलं म्हणजे तापमान बरोबर आहे असं नाही न."

मी गप्पच झालो. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने कॅमेरा आणि तो सेन्सर एकाच स्विचमागची दोन उपकरणं. एक बंद पडलं तर फुटेज जातं, दुसरं बंद पडलं तर कोणाच्या तरी घरी खराब झालेलं इन्सुलिन जातं. हा फरक कुठल्याच तक्त्यात नसतो. मे महिन्यात त्या गोदामात उभ्या राहिलेल्या माणसाला तो माहीत असतो. कोल्ड रूमची डिपेन्डन्सी त्याने तिथल्या तिथे काढून टाकली.

अजून एक गोष्ट. नजर ठेवणाऱ्या या सॉफ्टवेअरकडे सगळ्या घराच्या किल्ल्या असतात. डिसेंबर २०२० मध्ये सोलरविंड्सच्या ओरायनचं प्रकरण उघडकीस आलं. अधिकृत अपडेटमध्येच घुसखोरी झाली होती, आणि ते अपडेट सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत गेलं असावं असं कंपनीनेच सांगितलं. ओरायन वापरणाऱ्यांत अमेरिकेची सरकारी खातीही होती! म्हणून किल्ल्या मोजक्या द्या, वाचण्यापुरत्या द्या, आणि एसएनएमपीचा पासवर्ड 'पब्लिक' असेल तर आजच बदला.

आणि नजर ठेवणाऱ्यावर नजर कोणाची? नंदनवनातली वीज गेली, यूपीएस संपला, की मॉनिटरिंगचा पीसीही झोपणार. मग काहीच मेसेज येणार नाही आणि सगळ्यांना वाटेल, वा, किती शांत! म्हणून बाहेर भाड्याचा एक छोटा सर्व्हर घेतला. तो दर पाच मिनिटांनी नंदनवनाला हाक मारतो.

आता दादाची दुसरी ओळ. मी त्याला लिहिलं, चारातलं कोणतंही घे, पण लायसन्सचे वाचतील ते पैसे त्या पोराला दे. नकाशा त्याच्या डोक्यात आहे. तो गेला की तुझ्याकडे फक्त ग्राफ उरतील.

झॅबिक्स राहिलं, पोरगाही राहिला. पगार थोडा वाढला, हवा तेवढा नाही, पण असो. रात्री त्याचा फोन आता दोनच गोष्टींसाठी वाजतो, बिलिंगचा सर्व्हर आणि कोल्ड रूम. बाकी सगळं सकाळी दहाला बघायचं असं ठरलंय. ही यादी त्यानेच केली, आणि दादाने त्यावर सही केली.