नाना पेठ ते सासवड, व्हाया स्प्रिंग

गाडी ‘लो’ करायची म्हणून निघालो आणि चक्क शहाणे होऊन परतलो. एका शनिवार-रविवारची ही गोष्ट!

पुण्यात शनिवारी सकाळी दोन प्रकारची तरुण मंडळी घराबाहेर पडतात. एक सिंहगडावर जातात, दुसरी नाना पेठेत. पहिल्यांना पिठलं-भाकरी मिळते, दुसऱ्यांना गाडीचा पार्ट. दोघंही घामाघूम होऊन आणि खूश होऊन घरी येतात. त्या शनिवारी आम्ही दुसऱ्या गटात होतो.

कारण साधं होतं. माझी २०१० ची छोटी हॅचबॅक. पंधरा वर्षं झाली म्हणून रजिस्ट्रेशन पुन्हा पाच वर्षांसाठी रिन्यू केलं. म्हटलं, आता तिला जरा स्टाइलमध्ये ठेवू. माझ्या मित्राचं मत ठाम होतं, ‘लोअरिंग स्प्रिंग टाक रे! चाळीस मिलिमीटर खाली बसली ना, की गाडी कसली भन्नाट दिसेल!’ शिवाय डावीकडून हल्ली एक बारीक ‘टक्’ असा आवाज यायचा. तोही त्याच खर्चात जाईल, असा हिशेब.

नाना फडणवीसांच्या नावाची ही पेठ. पूर्वी हिला हनुमान पेठ म्हणायचे. आज क्वार्टर गेटकडून आत शिरलं की दुकानांच्या तोंडाशी टांगलेले सायलेन्सर, क्लच प्लेट, हेडलाइट आणि सीट कव्हर दिसायला लागतात. इथे गाडी नेण्याचा हट्ट धरू नका. पार्किंग शोधण्यातच तुमचा शनिवार संपेल. आम्ही गाडी मागच्या गल्लीतल्या ओळखीच्या गॅरेजात काकांकडे लावली आणि बाजारात फिरायला निघालो.

काकांनी अडवलं. ‘कुठे निघालात?’

‘स्प्रिंग घ्यायला, काका.’

‘आधी गाडी तर बघू द्या. औषध आणायच्या आधी डॉक्टरला दाखवतात ना?’

त्यांनी टेप काढला. चाकाच्या मधोमध ते वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत, चारही बाजूंचं माप घेतलं. पुढचं डावं चाक उजव्यापेक्षा पंधरा मिलिमीटर कमी. मग गाडी जॅकवर, खाली घोडी, चाक बाहेर. बॅटरीच्या उजेडात काकांनी बोट दाखवलं. स्प्रिंगचा सगळ्यात खालचा वेढा टोकाशी तुटलेला होता. गंजून दोन-तीन इंचांचा तुकडा कधीच गळून गेलेला. तो ‘टक्’ आवाज त्याचाच.

‘हे टोक बघा, सुरीसारखं झालंय. बैठकीतून सटकलं असतं तर सरळ टायरमध्ये. हायवेला तुम्ही किती स्पीडने जाता?’

आम्ही दोघंही गप्प. आदल्याच आठवड्यात चौघं जण एक्स्प्रेस-वेने मुंबईला जाऊन आलो होतो.

स्प्रिंग बदलायची हे तर ठरलंच. प्रश्न उरला, कुठली? मित्राने चाळीस मिलिमीटरचा मुद्दा पुन्हा काढला. काकांनी कागद घेतला नाही, तोंडीच गणित मांडलं. अशा हॅचबॅकच्या पोटाखाली जागा साधारण १७० मिलिमीटर. चाळीस गेले, उरले १३०. चार माणसं आणि डिकीत सामान भरलं की गाडी आणखी खाली येते. आता इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक १०० मिलिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने अलगद ओलांडता येईल असा पसरट हवा. ‘तुमच्या सोसायटीच्या गेटवरचा तसा आहे का?’ काकांनी विचारलं. आमच्या गेटवरचा स्पीडब्रेकर म्हणजे झाकलेला ओंडका आहे. उत्तर द्यायची गरजच पडली नाही.

गंमत बघा. लोअरिंग स्प्रिंगमधली दोन बडी नावं, आयबाख आणि एच अँड आर, जर्मनीतल्या झाउअरलँड या एकाच डोंगराळ भागातली. तिथल्या गुळगुळीत वळणांवर गाडी खाली बसलेली आणि कडक असणं मस्तच. उलट १९४८ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात आलेली सिट्रोएनची टू-सीव्ही! नांगरलेल्या शेतातून नेली तरी टोपलीतली अंडी फुटू नयेत, अशी ती बनवणाऱ्यांना अट होती. थोडक्यात, स्प्रिंग गाडीची असते त्याहून जास्त ती रस्त्याची असते.

‘मग आहे तीच स्प्रिंग दोन वेढे कापून टाकली तर?’ मित्राचा शेवटचा प्रयत्न. काका पहिल्यांदाच वैतागले. कापली की उरलेले वेढे कमी, म्हणून स्प्रिंग कडक होते, टोक बैठकीत नीट बसत नाही, आणि गॅसने तापवून कापली तर पोलादाचं पाणीच उतरतं. तारेचा हिशेब तर फार नाजूक. बाकी सगळं तेच ठेवून तार फक्त दहा टक्के जाड केली, तरी स्प्रिंग जवळपास दीडपट कडक होते.

त्यात कायदाही आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. उत्पादकाच्या मूळ रचनेशी न जुळणारे बदल करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बेकायदा बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. नुकतंच रिन्यू केलेलं रजिस्ट्रेशन त्या कात्रीत कोण घालणार?

शेवटी काय घेतलं? मूळ उंचीच्या आणि मूळ ताकदीच्या, पण बाहेरच्या कंपनीच्या चार स्प्रिंग. काळ्या रंगाच्या, अगदी टिपिकल. मित्राने फोटोसुद्धा काढला नाही.

फिटिंग बघणं मात्र झक्कास अनुभव. मागचं काम सोपं. शॉकअपचे खालचे बोल्ट काढले, अॅक्सल हळूच खाली घेतला, की स्प्रिंग हातात. पुढे खरी परीक्षा. पूर्ण स्ट्रट बाहेर काढायचा, दोन बाजूंनी कॉम्प्रेसर लावून स्प्रिंग समान दाबायची आणि मगच मधला नट सोडायचा. ‘हा नट आधी सोडला तर वरची वाटी गोळीसारखी येते. तोंड कधी समोर ठेवायचं नाही,’ काका म्हणाले आणि आम्हाला दोन पावलं मागे केलं. नवी स्प्रिंग खालच्या खाचेत टोकाला टोक भिडवून बसवली. रबरी बुशचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच आवळले. चाक हवेत लोंबकळताना आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. चार तास गेले, तीन चहा झाले.

रविवारी सकाळी व्हील अलाइनमेंट करून कोंढव्याहून बोपदेव घाटाकडे निघालो. सप्टेंबरचा महिना, डोंगर हिरवेगार, रस्त्याची पावसाने चाळण केलेली. आधी प्रत्येक खड्ड्यात गाडी दोनदा डोलायची. आता एकदाच दबायची आणि जागेवर यायची. घाटातल्या वळणावर अंग बाहेर फेकल्यासारखं होईना. वर थांबून मागे पुणं पाहिलं. ‘टक्’ आवाज गायब झालाय, हे तिथे शांततेत लक्षात आलं. मित्र बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘त्या दिवशी एक्स्प्रेस-वेवर मी मागे झोपलो होतो रे.’

भिवरी मागे टाकून सासवडला पोचलो. मिसळ खाल्ली. बाजारात सीताफळांचे ढीग लागले होते. बोट लावलं तर रुतेल अशी पिकलेली दोन डझन घेतली आणि डिकीत ठेवली. त्याच घाटाने, त्याच खड्ड्यांतून, सोसायटीच्या त्या ओंडक्यावरून घरी आलो. डिकी उघडली. फुटलेलं फक्त एक होतं, आणि त्याच्यावर मित्राची बॅग पडली होती.

दोन सीताफळं घेऊन सोमवारी संध्याकाळी काकांकडे गेलो. त्यांनी फळाकडे पाहिलंच नाही. टेप काढला आणि पुन्हा चारही चाकांची मापं घेतली. डावं-उजवं सारखं. मग हात धुतले.

तुमचाही बेत असेल तर...

* स्प्रिंग नेहमी जोडीने बदला. एक नवी, एक जुनी असली की गाडी वाकडी बसते.
* शॉकअप गळत असेल, तर तोही याच वेळी बदला. मजुरी एकदाच लागते.
* काम झालं की अलाइनमेंट करा. आठवडाभर गाडी चालवून पुन्हा एकदा तपासून घ्या.
* स्प्रिंग कॉम्प्रेसर घेऊन घरी प्रयोग नकोत. ते काम अनुभवी हाताचंच.
* खरेदीला जाताना गाडीचं मॉडेल, साल आणि पेट्रोल की डिझेल हे लिहून न्या. इंजिनचं वजन बदललं की पुढची स्प्रिंगही बदलते.