एक-शून्य

लेस्टर सिटीच्या त्या विजेत्या २०१५-१६च्या फुटबॉल हंगामाचा विषय निघाला की समोरच्याला मँचेस्टर सिटीचा सामना ऐकायचा असतो. ६ फेब्रुवारी २०१६, सिटीचं घरचं मैदान, निकाल ३-१ आणि त्यात रॉबर्ट हूथ या धिप्पाड बचावपटूचे दोन गोल. मीही हौसेने सांगतो, ऐकणाऱ्याचा हिरमोड कशाला करायचा? पण माझ्या लेखी लीग हातात आली ती नंतर, मार्चमध्ये, चार कंटाळवाण्या सामन्यांत. वॉटफर्ड १-०. न्यूकॅसल १-०. क्रिस्टल पॅलेस १-०. आणि एप्रिलच्या तोंडाशी साउदॅम्प्टन, तेही १-०. एक गोल मारायचा आणि उरलेला वेळ दार लावून बसायचं. जगभरचे पत्रकार परीकथा लिहीत होते तेव्हा मैदानावर हे असलं चाललं होतं.

मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर शिवाजी तरुण मंडळ आणि पाटाकडील तालमीच्या सामन्याला भर उन्हात जागा धरून बसलेला माणूस. त्यामुळे फुटबॉल मला इंग्लंडने शिकवला नाही. लेस्टरला आलो ते एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेतल्या नोकरीसाठी, आणि राहायला मिळालं बेलग्रेव्ह भागात, एका गुजराती मासींच्या घरी वरच्या मजल्यावर. मासी १९७२ साली युगांडातून आलेल्या. इदी अमीनने आशियाई लोकांना हाकललं तेव्हा लेस्टरच्या नगरपालिकेने तिकडच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती, की आमच्या गावात येऊ नका, इथे जागा नाही. मासी ही गोष्ट दर दिवाळीला सांगतात आणि खिडकीतून बेलग्रेव्ह रोडवरच्या रोषणाईकडे बोट दाखवून हसतात.

आधीचा हंगाम, म्हणजे २०१४-१५, लेस्टर सिटीने चार महिन्यांहून जास्त काळ गुणतक्त्याच्या तळाशी काढला होता. एप्रिलमध्ये अचानक काय झालं कोण जाणे, शेवटच्या नऊपैकी सात सामने जिंकून संघ वाचला. गावात त्याचं श्रेय तिसऱ्या रिचर्डला देणारे पुष्कळ होते. या राजाचा सांगाडा २०१२ मध्ये इथल्या एका वाहनतळाखाली सापडला आणि मार्च २०१५ मध्ये कॅथीड्रलमध्ये त्याचं रीतसर दफन झालं. त्यानंतरचा पहिलाच सामना आम्ही जिंकला. आता याला काय म्हणणार? आपल्याकडे नारळ फोडतात, यांनी राजा पुरला.

जुलैमध्ये क्लाउदिओ रानिएरी प्रशिक्षक म्हणून आले. त्याआधी ग्रीसचा संघ घरच्या मैदानावर फॅरो बेटांकडून हरल्यावर नारळ मिळालेले गृहस्थ. नाकं मुरडणाऱ्यांत गावचाच गॅरी लिनेकर आघाडीवर होता. सट्टेवाल्यांनी आमच्या विजेतेपदाला पाच हजारास एक असा भाव लावला होता.

माझ्या एका सहकाऱ्याच्या भावाकडे हंगामाचं तिकीट होतं. तो त्या वर्षी परगावी कामाला होता, म्हणून बहुतेक घरचे सामने माझ्या वाट्याला आले. बेलग्रेव्ह गेटवरून घंटाघर, पुढे बाजारपेठ (इथे लिनेकरच्या वडिलांचा भाजीपाल्याचा गाळा होता), मग रॉयल इन्फर्मरी ओलांडून मैदान, असा चालत जायचा रस्ता. प्रत्येक खुर्चीवर कागदी पट्टीचा घडी घातलेला पंखा ठेवलेला असे. तो मांडीवर आपटून आवाज काढायचा. बत्तीस हजार लोक एकदम आपटायला लागले की शेजाऱ्याचं बोलणं ऐकू येत नसे, आणि माझ्या शेजाऱ्याच्या बाबतीत ते बरंच होतं.

शेजारी म्हणजे एक निवृत्त होजियरी कामगार. जुन्या फिल्बर्ट स्ट्रीटच्या मैदानावर उभं राहून सामने बघितलेला. मला लाडाने 'मी डक' म्हणायचा, तसा तो सगळ्यांनाच म्हणायचा. एफए चषकाच्या अंतिम सामन्यात १९६१, १९६३ आणि १९६९ असे तीन पराभव त्याने भोगले होते. २००८ मध्ये संघ तिसऱ्या श्रेणीत घसरला तेव्हाही हा तिकीट काढून बसलेला. त्यामुळे गोल झाला की बाकीचे नाचायचे आणि हा घड्याळ बघायचा. ऑगस्टमध्ये संडरलंडला ४-२ हरवलं तर म्हणाला, दोन खाल्ले. सप्टेंबरात अ‍ॅस्टन व्हिलाविरुद्ध ०-२ वरून ३-२ केलं, तर पुन्हा तेच, दोन खाल्ले.

खरं म्हणजे म्हातारा चुकत नव्हता. पहिल्या नऊ सामन्यांत एकातही आम्ही गोल खाल्ल्याशिवाय राहिलो नाही. आर्सेनलने तर घरी येऊन पाच घातले. रानिएरींनी पोरांना सांगितलं, एक क्लीन शीट ठेवा, म्हणजे एका सामन्यात एकही गोल खाऊ नका, पिझ्झा खाऊ घालतो. २४ ऑक्टोबरला पॅलेसला १-० हरवलं. कबूल केल्याप्रमाणे ते सगळ्यांना गावातल्या पिझ्झेरियात घेऊन गेले आणि पिझ्झे मात्र पोरांनाच लाटायला लावले. वर्तमानपत्रांनी ही गंमत म्हणून छापली. मला ती पुढच्या मार्चची तालीम वाटते.

दरम्यान आमचा आघाडीपटू वार्डी याने लागोपाठ अकरा सामन्यांत गोल करून व्हॅन निस्टलरॉयचा विक्रम मोडला, तोही मँचेस्टर युनायटेडविरुद्धच. कारखान्यात काम करत खालच्या लीगमध्ये खेळलेला हा माणूस फ्लीटवुडकडून १० लाख पौंडांना आला होता. महरेज तर ल हाव्रकडून त्याच्या निम्म्याहून कमी पैशांत. पण मैदानात बसून माझी नजर कायम मधल्या फळीतल्या कांतेवर असायची. टीव्हीवर हा माणूस निम्मा दिसतच नाही, कारण कॅमेरा चेंडूमागे असतो आणि कांते चेंडू जिथे दोन क्षणांनी येणार तिथे आधीच जाऊन उभा असतो. प्रतिस्पर्ध्याने पास द्यायला पाय उचलला की हा निघालेला. पाय आडवा घालायचा, चेंडू ड्रिंकवॉटरकडे सरकवायचा आणि पुन्हा आपला पळत सुटायचा. घामाघूम होऊनही चेहऱ्यावर तेच संकोची हसू.

कोल्हापुरातला मित्र रात्री फोन करायचा. "भावा, तुमचा त्यो बुटका इकडं पाठव की! एक हंगाम मारतो आणि देतो परत."

मासींना फुटबॉल कळत नव्हता, पण सोमवारी देवळात काय बोललं जातं ते कळत होतं. नाताळला संघ वरच्या दोनात होता आणि मी जेवताना "चॅम्पियन" एवढाच शब्द उच्चारला, तर मासींनी रोटलीचं लाटणं उगारलं. "एवुं नहीं बोलवानुं, नजर लागे." गाव सगळं असंच वागत होतं. रानिएरी जानेवारीपर्यंत चाळीस गुणांच्या गोष्टी करत राहिले, म्हणजे खालच्या श्रेणीत घसरणं टळेल एवढे गुण. ते पूर्ण झाल्यावरही लोकांची विचारपूस युरोपात खेळता येईल का, इथवरच. विजेतेपदाचं नाव काढायला कोणी तयार नव्हतं. वरून बघणाऱ्याला तो नम्रपणा वाटला असेल. मला ती निव्वळ भीती दिसत होती, आणि जिंकू तसतशी ती वाढत होती.

१४ फेब्रुवारीला आर्सेनलच्या मैदानावर ती खरी होतेय असं वाटलं. आम्ही पुढे होतो, मग आमच्या सिम्पसनला लाल कार्ड, मग बरोबरी, आणि पंचाण्णवाव्या मिनिटाला वेलबेकचा हेडर. आठ गुणांची आघाडी होऊ शकली असती, ती दोनावर आली. आर्सेनलच्या पोरांनी विजेतेपद मिळाल्यासारखा जल्लोष केला. रानिएरींनी काय करावं? सगळ्या संघाला आठवडाभर सुट्टी दिली. परत आल्यावर नॉरिचविरुद्ध एकोणनव्वदाव्या मिनिटापर्यंत गोल नाही. मग उयोआने घातला, आणि लोकांनी जी उडी मारली तिची नोंद जवळच्या प्राथमिक शाळेत विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी बसवलेल्या भूकंपमापकावर ०.३ अशी झाली. मी त्या उडीत होतो.

आणि तिथून तो मार्च. पाठीमागे मॉर्गन आणि हूथ, दोघेही तिशी ओलांडलेले आणि धावण्यात बेताचे. म्हणून दोघे सहसा पुढे यायचे नाहीत. पेनल्टी क्षेत्राच्या तोंडाशी उभे राहून येईल तो क्रॉस डोक्याने परत पाठवायचा, एवढंच काम. चेंडू ताब्यात ठेवण्याचा हट्ट नाही, तो प्रतिस्पर्ध्याला खुशाल देऊन टाकायचा. जवळजवळ तेच अकरा जण दर आठवड्याला. न्यूकॅसलविरुद्ध ओकाझाकीने उलटी कात्री मारून गोल केला, तेवढा एक क्षण देखणा. उरलेला तासभर फक्त चेंडू बाहेर फेकणं चाललं होतं.

साउदॅम्प्टनच्या दिवशी मालक विचाई यांच्या वाढदिवसानिमित्त प्रत्येकाला बिअर आणि डोनट फुकट. म्हाताऱ्याने डोनट रुमालात बांधून नातवासाठी ठेवला. साउदॅम्प्टनच्या मानेने गोलरक्षक श्मायकेलला चकवून चेंडू मारला आणि तो सिम्पसनच्या हाताला लागला. आमच्या बाजूच्या एकूण एक माणसाने तो हात बघितला आणि कोणी काही बोललं नाही. पंचांनी पेनल्टी दिली नाही. थोड्या वेळाने फुक्सच्या क्रॉसवर मॉर्गनने हेडर मारला. एक-शून्य. पुढची पन्नासेक मिनिटं मी श्वास कसा घेतला आठवत नाही. शिट्टी झाली तेव्हा दुसऱ्या क्रमांकावरच्या स्पर्सपेक्षा सात गुण पुढे. म्हातारा पहिल्यांदाच उठून उभा राहिला, माझ्या पाठीवर थाप मारली आणि डोनट सांभाळत निघून गेला.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. वेस्ट हॅमविरुद्ध वार्डीला बाहेर काढलं, शेवटच्या दहा मिनिटांत आम्ही १-० वरून १-२ झालो आणि पंचाण्णवाव्या मिनिटाला उयोआच्या पेनल्टीने वाचलो. वार्डीशिवाय स्वान्सीला ४-० हरवलं. २ मेच्या सोमवारी खेळायचंही आमच्याकडे नव्हतं. चेल्सी विरुद्ध स्पर्स. स्पर्स जिंकले नाहीत तर लीग आमची. मध्यंतराला स्पर्स २-० पुढे. मासी देवापुढे बसलेल्या, मी खाली त्यांच्या टीव्हीसमोर. त्र्याऐंशीव्या मिनिटाला अझारने बरोबरी केली आणि रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. शिट्टी झाल्यावर बेलग्रेव्ह रोडवर ढोल आले, कुठून आले देव जाणे. पंजाबी, गुजराती, सोमाली, गोरे, सगळे निळ्यात. कोल्हापुरात पहाटेचे अडीच वाजले असतील. मित्राचा फोन: "नाद खुळा! झोपलो न्हाई अजून."

७ मेला एव्हर्टनविरुद्धच्या सामन्यात चषक मिळणार होता. सामन्याआधी आंद्रेआ बोचेल्ली गायला, पाऊस पडत होता, शेजारी रानिएरी उभे होते. वार्डीने दोन गोल केले, एक किंगने. हॅटट्रिकची पेनल्टी वार्डीने आकाशात मारली आणि लोक तरीही गात राहिले. मग अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला मिरायासने आमच्यावर एक चढवला. ३-१. मैदानात कोणालाही त्याचं काही पडलेलं नव्हतं.

म्हातारा माझ्याकडे वळला. डोळ्यांत पाणी होतं, गळ्यात नातवाने दिलेला नवा मफलर.

"क्लीन शीट घालवली," तो म्हणाला. "उगाचच."