टोपीवर जागा

कीबोर्डवरचं प्रत्येक बटण म्हणजे खरं तर एक टोपी असते. तिला कीकॅप म्हणतात. मेकॅनिकल कीबोर्डवरची टोपी अलगद उपसून काढता येते. खाली बहुतेकदा अधिकच्या चिन्हासारखा छोटा दांडा दिसतो, तो स्विचचा. टोपीवर ए छापा, अलिफ छापा किंवा ती कोरी ठेवा, संगणकाला त्याचा पत्ता नसतो. ते अक्षर फक्त माणसासाठी असतं.

मी एका तासाला उर्दू शिकवते, पुढच्या तासाला मराठी. युनिकोडमध्ये दोन्ही लिप्यांना जागा आहे, संगणकात दोन्ही बिनतक्रार चालतात. जागा नाही ती टोपीवर. आमच्या शाळेच्या कीबोर्डवर आम्ही पारदर्शक स्टिकर चिकटवले. घामाने कडा सुटल्या, उरलेलं काम मुलांच्या नखांनी केलं. सातवीतली एक मुलगी म्हणाली, "मिस, इंग्लिशवाले हर्फ नहीं निकलते, अपनेवालेच क्यों निकल जाते?"

याचं अर्धं उत्तर कारखान्यात आहे. टिकाऊ टोप्यांवर अक्षर वरून छापलेलं नसतंच. डबलशॉट पद्धतीत दोन रंगांचं वितळलेलं प्लास्टिक एकामागून एक साच्यात सोडतात. एकाचं अक्षर होतं, दुसऱ्याची त्याभोवतीची टोपी. अक्षर प्लास्टिकच्या अंगातच असल्यामुळे टोपी झिजली तरी ते पुसलं जात नाही. पण प्रत्येक अक्षरासाठी पोलादी साच्याचा वेगळा भाग कोरावा लागतो आणि तिथे पैसा जातो. इंग्रजी ओ, आपला व, उर्दूचा साद अशा पोटात पोकळी असलेल्या अक्षरांची आणखी एक कटकट असते. त्या पोकळीपर्यंत दुसरं प्लास्टिक पोचायला वाट ठेवावी लागते. खालून उजेड येणाऱ्या स्वस्त कीबोर्डवर ओ आणि ए मध्येच तुटलेले दिसतात, ते बऱ्याचदा यामुळे.

दुसऱ्या पद्धतीत उष्णतेने शाई प्लास्टिकच्या आत मुरवतात. त्यासाठी पीबीटी नावाचं प्लास्टिक लागतं. नेहमीचं एबीएस तेवढ्या तापाला वाकडं होतं. (एबीएस ओळखायला सोपं. वर्षभर टायपिंग केलं की ते तेल लावल्यासारखं चमकू लागतं.) ही शाई मूळ प्लास्टिकपेक्षा गडदच असावी लागते, काळ्या टोपीवर पांढरं अक्षर असं मुरवता येत नाही. आयबीएमच्या १९८५ सालच्या मॉडेल एम कीबोर्डवरची अक्षरं याच पद्धतीची आहेत, आणि ते जुने कीबोर्ड आजही लोक वापरतात. तिसरी पद्धत लेझरची.

शेवटच्या दोन पद्धतींत अक्षरागणिक साचा लागत नाही, फक्त चित्र बदलायचं. म्हणून 'परवडत नाही' हे कारण मला पटत नाही. अरब देशांत अरबी आणि इंग्रजी एकाच टोपीवर सर्रास असतात. तिथे बीच्या बटणावर तर लाम-अलिफची जोडी बसलेली असते. आपल्याकडे रुपयाचं चिन्ह २०१० साली ठरलं आणि आज कितीतरी लॅपटॉपवर ४ च्या टोपीवर ते दिसतं. पैशाला जागा मिळाली, क आणि काफ अजून स्टिकरवरच आहेत.

मात्र टोपीवर नेमकं काय काढायचं, हे वाटतं तितकं सोपं नाही. इन्स्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा आराखडा सरकारने १९८६ मध्ये प्रमाण ठरवला. त्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बरीचशी उजव्या हाताला. न बघता बोटांना सापडावीत म्हणून एफ आणि जेच्या टोप्यांवर बारीक उंचवटा असतो. इन्स्क्रिप्टमध्ये जेवर र येतो आणि एफवर ऱ्हस्व वेलांटी. आता एकटी वेलांटी काढायची कशी? तिला टेकायला अक्षर नको? मग ठिपक्यांचं एक वर्तुळ काढून त्याला ती लावतात. मराठीच्या तासाला एका मुलाने त्या वर्तुळाला शून्य समजून वाचलं.

उर्दूत अडचण उलटी आहे. तिथे अक्षर शब्दात शेजाऱ्याप्रमाणे रूप बदलतं आणि टोपीवर मात्र त्याचं एकटं रूपच बसतं. त्यातून आमच्या स्टिकरवर नस्ख, तर पाठ्यपुस्तकात नस्तालीक. नस्तालीक तिरकी उतरते, तिला उंची लागते. बोटाच्या टोकाएवढ्या टोपीच्या एका कोपऱ्यात ती गुदमरते. त्यामुळे नस्ख निवडणाऱ्याला मी दोष देत नाही. पण नुकतं वाचायला लागलेलं मूल दोन चेहऱ्यांचं एकच अक्षर ओळखताना अडखळतं, हे मी रोज बघते.

सध्या सातवीच्या मुली चौकोन आखून आपल्या टोप्या स्वतः काढताहेत. इंग्रजी वर डावीकडे, मराठी खाली डावीकडे, उर्दू खाली उजवीकडे. तिन्ही सारख्याच आकाराची हवीत, असा त्यांचा हट्ट. जीम, फे, र, वेलांटी सगळं मावलं. बडी ये मात्र तीनदा खोडून झाली. तिची शेपटी दर वेळी मराठीच्या कोपऱ्यात शिरते आणि ती आखूड करायला कुणी तयार नाही.