पाककृती किती सोपी असावी?

पेठ-सुरगाण्याची नागली नाशिकच्या सपाटीवरील ताटांतही यावी, म्हणून मी पाककृतींची एक छोटी पुस्तिका लिहीत आहे. १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. गव्हात त्याच्या जेमतेम दहावा हिस्सा. पण आकड्यांनी पोट भरत नाही, भाकरी जमली पाहिजे.

शेतकीची पदवी घेतल्याने माझा ओढा ग्रॅमकडे. तुमच्या घरात मात्र वाटी असते. कमलाबाई ओगले यांनी १९७० साली ‘रुचिरा’त वाटी-चमच्याचेच माप दिले आणि ते पुस्तक घरोघर पोचले. म्हणून मीही वाटीच धरली.

तथापि सोपे म्हणजे त्रोटक नव्हे. ‘पीठ मळून भाकरी थापा’ एवढे जुन्या हाताला पुरते. पोळ्या लाटणाऱ्या नव्या सुनेची भाकरी मात्र परातीतच मोडते, कारण नागलीत गव्हाचा चिकटपणा नाही. दोनदा मोडली की नागली घरातून गेलीच म्हणून समजा. तेव्हा असे लिहावे: वाटीभर पाणी उकळा, मीठ टाका, वाटीभर पीठ घालून झाका, कोमट झाल्यावर चांगले मळा.

जिन्नस चारच असोत. पण हात जिथे अडतो, ती ओळ गाळू नये. तुमचा हात कुठे अडतो, ते जरूर कळवा.