हर्णैच्या किनाऱ्यावर

दापोली तालुक्यातील हर्णै बंदरात सायंकाळी वाळूवरच मासळीचा लिलाव भरतो. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग उभा असतो. बँकेच्या नोकरीत असताना तेथे एका कोळी मावशींना मी मांसाहार सोडण्याविषयी सुचविले. त्या म्हणाल्या, "साहेब, श्रावण आम्हीही पाळतो. पण नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला की होडी पाण्यात जाणारच. कायमचं सोडलं तर घर कशावर चालवू? पाहुण्याला काय वाढू?"

प्रश्न केवळ जिभेचा नव्हता. उपजीविका, आतिथ्य आणि वाडवडिलांची रीत यांचा होता. शिवाय त्यांच्या जाळ्यांच्या कर्जमंजुरीवर सही माझीच होती. कृत, कारित आणि अनुमोदित अशी तिन्ही प्रकारची हिंसा आपण त्याज्य मानतो. तेव्हापासून उपदेशापूर्वी मी स्वतःचे खाते तपासतो.